पश्चिमेच्या खोलीत वारा आणि उजेड: बांबू, माती, चुना आणि विटेची जाळी

अंगणवेल

खोलीची मापे आधी देते, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. रुंदी ३.६ मीटर, खोली ४.८ मीटर. बाहेरची भिंत एकच, पश्चिमेची, ४५ सेंमी मातीची. समोरच्या पूर्व भिंतीपलीकडे सावलीतला पडवीसारखा बोळ. वर कौले, खाली तक्तपोशी नाही. पश्चिमेची वळचण २.७ मीटरवर, आढे ४.२ मीटरवर, आढे पश्चिम भिंतीला समांतर. आतली हवा साधारण ६० घनमीटर. पश्चिमेला एक खिडकी, तिचा माथा २.१ मीटरवर. अक्षांश २० उत्तर धरा.

अडचणी तीन: दुपारनंतर ऊन थेट आत येते, मागचा अर्धा भाग अंधारा राहतो, आणि हवा कोंडते. साहित्य हाताशी आहे: बांबू, चिकणमाती, वाळू, चुना, पक्की वीट, गवत. सध्याचा बेत असा की पश्चिम भिंतीत खाली विटेची मोठी जाळी बांधायची आणि आढ्याशी हवा बाहेर जायला फट ठेवायची. जाळीची भोके किती, खोली किती, एकूण क्षेत्र किती?

झरोका

आधी जाळीचे गणित. ऊन अडते ते भोकाच्या उंचीमुळे नाही, तर उंची आणि खोली यांच्या गुणोत्तरामुळे. २३ × ११ × ७ सेंमीची वीट धरा.

पहिला प्रकार, वीट भिंतीच्या लांबीत घालून ११ सेंमी जाडीची जाळी. दोन विटांत ११ सेंमी मोकळे सोडले तर वरची वीट दोन्हीकडे ६ सेंमी टेकते. भोक ११ रुंद, ८ उंच (वीट अधिक मसाल्याचा थर), ११ खोल. ३६ अंशांपेक्षा उंच सूर्य थेट आत येत नाही. ऐकायला बरे वाटते, पण पश्चिमेला त्याचा अर्थ असा की विषुवदिनाच्या सुमारास सूर्यास्तापूर्वीचे अडीच तास ऊन आरपार.

दुसरा प्रकार, वीट भिंतीतून आरपार ठेवून २३ सेंमी जाडीची जाळी. इथे विटेची दिसणारी रुंदी फक्त ११, म्हणून फट ५ सेंमीच्या पुढे नेऊ नका. ५ ला वरची वीट दोन्हीकडे ३ सेंमी टेकते. ७ केली तर २ सेंमीच उरतात आणि मसाला कच्चा असताना थर सरकतो. भोक ५ × ८, खोली २३. उभ्या दिशेने १९ अंशांच्या वरचे ऊन बंद, आडव्या दिशेने १२ अंशांपेक्षा तिरके आलेलेही बंद. थेट ऊन उरते ते शेवटचे सव्वा-दीड तास. प्रत्येक आरपार वीट बाहेरच्या बाजूला दीड सेंमी उतरती बसवली तर पावसाचे पाणी बाहेरच गळते आणि १९ चे साधारण १६ अंश होतात.

दोन्ही प्रकारांत मोकळे क्षेत्र जवळपास सारखेच, सुमारे ३१ टक्के. म्हणजे तेवढ्याच हवेत दुसरा प्रकार उन्हाला कितीतरी जास्त अडवतो. विटा मात्र दुपटीने लागतात.

कच्च्या मातीच्या विटेची जाळी करू नका. भोकाच्या कडा हात लागून आणि पावसाने झिजतात, मग टेकू कमी होतो. जाळीवर भिंतीचा भारही देऊ नका. वर लाकडी किंवा दगडी तुळई हवीच, आणि ती दोन्हीकडे मातीच्या भिंतीवर निदान ३० सेंमी टेकलेली हवी.

मंदवारा

आता क्षेत्राचे. ताशी दहा वेळा हवा बदलायची तर ६०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ०.१६७ घनमीटर हवा लागेल. आत येण्याचा मध्य ०.६ मीटरवर, बाहेर जाण्याचा ४ मीटरवर, म्हणजे उंचीचा फरक ३.४ मीटर. आतली हवा बाहेरच्यापेक्षा ३ अंशांनी गरम धरली तर ऊर्ध्वप्रवाहाचा, म्हणजे गरम हवा हलकी होऊन वर चढण्याचा, दाब भरतो ०.४ पास्कल. एवढाच! हा दाब खालच्या आणि वरच्या दोन वाटांत वाटला जातो, म्हणून अडथळा धरून सेकंदाला सुमारे ०.३५ मीटर वेग मिळतो. खाली आणि वर सारखीच वाट ठेवायची तर प्रत्येकी जवळपास ०.४८ चौरस मीटर *निव्वळ मोकळे* क्षेत्र हवे. जाळी ३१ टक्के मोकळी, म्हणून चौकट १.५६ चौरस मीटर, म्हणजे १.३ × १.२ मीटर. आढ्याशी दोन्ही पाख्यांवर ३.६ मीटर लांब आणि ७ सेंमी रुंद फट ठेवली की ०.५ चौरस मीटर होते.

पण ०.४ पास्कल हा आकडा विसरू नका. सेकंदाला ०.८ मीटरची झुळूकसुद्धा तेवढाच दाब देते. आढ्याची फट एकाच बाजूला असेल आणि वारा त्याच बाजूने आला तर प्रवाह उलटतो: वरची गरम हवा पुन्हा खाली. म्हणून फट दोन्ही पाख्यांवर, आणि वर आढ्याचे टोपण दोन्हीकडे फटीपलीकडे निदान २० सेंमी पुढे आलेले. टोपण आणि कौले यांच्यातली मोकळी उंची फटीच्या रुंदीहून कमी ठेवली तर गळा तिथेच आवळला जातो. ही चूक फार दिसते. फट मापात असते, टोपण दाबून बसवलेले असते, आणि दोष मात्र जाळीला दिला जातो.

वेळूबन

डासजाळी धरली का गणितात?

मंदवारा

नाही, तेच पुढे लिहिणार होतो. १.२ मिमी भोक आणि ०.२८ मिमी तार असलेल्या डासजाळीचे मोकळे क्षेत्र ६५ टक्के. विटेच्या जाळीमागे पूर्ण १.५६ चौरस मीटरवर ती लावली तर खालची वाट ०.४८ वरून ०.४४ वर येते, फार बिघडत नाही. आढ्याच्या फटीला चिकटून लावली तर मात्र ०.५ चे ०.३३ होतात. दोन्ही मिळून हवाबदल दहावरून साडेसातच्या आसपास. उपाय साधा: फटीखाली डासजाळी सपाट न लावता वासे धरून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाली सोडा, म्हणजे जाळीचे क्षेत्र फटीच्या दुप्पट-तिप्पट होते. खाली, विटेच्या जाळीपासूनही ती १० सेंमी मागे वेगळ्या चौकटीवर ठेवा. विटेला टेकवली तर भोकासमोरचाच तुकडा हवा घेतो आणि तिथेच धूळ बसते. चौकट काढता येईल अशी हवी. धुळीने भरलेली डासजाळी कागदावरच्या ६५ टक्क्यांत बसत नाही.

एकामागे एक थर लावण्याचा मोह टाळा. ४० टक्के मोकळी वीट, ६५ टक्के डासजाळी आणि २५ टक्के मोकळा बांबूचा पडदा एका खिडकीवर लावले तर एक चौरस मीटरची खिडकी हवेच्या हिशेबाने ०.२ चौरस मीटर उरते.

मातीहात

मला मूळ बेतच पटत नाही. आकडे बरोबर आहेत, जागा चुकली आहे. दुपारी तीनला पश्चिमेच्या अंगणाची जमीन आणि भिंत तापलेली असते. तिथूनच खाली हवा ओढायची म्हणजे खोलीत भट्टीचा वारा घ्यायचा. पूर्वेला सावलीतला बोळ आहे ना? जाळी त्या भिंतीत घाला. पश्चिमेची भिंत उन्हापासून बाहेरून झाका आणि तिथे झडपेची लहान खिडकी ठेवा, ती रात्री उघडायची.

४५ सेंमी मातीची भिंत उष्णता आत पोचवायला दहा तासांहून जास्त घेते. दुपारचे ऊन रात्री झोपेच्या वेळी आतल्या पृष्ठभागावर येते. भिंत उन्हात ठेवली तर हेच जड वस्तुमान रात्रभर शेगडीसारखे वागते. सावलीत ठेवली आणि रात्री गार हवेने धुतली तर तेच दिवसा गारवा देते.

झरोका

मान्य. जाळीची मापे तीच राहतील, फक्त भिंत बदलेल. बोळात थेट ऊन येत नसेल तर २३ सेंमीच्या जाळीचीही गरज नाही, ११ सेंमीची पुरे. निम्म्या विटा वाचल्या. एक मात्र बघा: बोळ दोन्ही टोकांना मोकळा हवा. बंद बोळातली हवा तासाभरात खोलीइतकीच शिळी होते.

अंगणवेल

बोळ उत्तरेला मोकळा आहे, दक्षिणेला दार आहे आणि ते उघडे ठेवता येते. जाळी पूर्वेला घेते. मग पश्चिम भिंतीच्या बाहेरची सावली कशाची? सज्जा ६० सेंमी काढता येईल.

झरोका

सज्जा पश्चिमेला जवळपास निरुपयोगी. सूर्य ३० अंशांवर असताना ६० सेंमीचा सज्जा फक्त ३५ सेंमी सावली देतो. दक्षिणेला त्याचा उपयोग आहे, कारण तिथे माध्यान्हीचा सूर्य २० अंश अक्षांशावर डिसेंबरातही ४६ अंशांच्या वर असतो. पश्चिमेला उभा पडदाच हवा, आणि तो भिंतीपासून सुटा.

वेळूबन

पश्चिमेसाठी बांबूच्या तिरक्या कामट्यांची चौकट. नीट मापात केली तर थेट ऊन पूर्ण बंद होते आणि हवा निम्मी चालू राहते.

मापे: कामटी ५ सेंमी रुंद, ८ मिमी जाड, बाहेरच्या बाजूला ४५ अंश उतरती. ५ सेंमी कामटी ४५ अंशांत उभी ३.५ सेंमी जागा झाकते, म्हणून दोन कामट्यांतले उभे अंतर ३.५ सेंमी. मग क्षितिजावरचा सूर्यसुद्धा आत पाहू शकत नाही. हवेला कामट्यांमध्ये काटकोनात १.७ सेंमी वाट उरते, म्हणजे मोकळीक सुमारे ४८ टक्के. अंतर ४.५ केले तर पडदा हलका दिसतो, साहित्यही वाचते, पण शेवटच्या तासाचे ऊन पट्ट्यापट्ट्यांनी आत येते. पश्चिमेला तोच तास नको असतो.

१० सेंमी व्यासाच्या बांबूच्या सहा कामट्या निघतात. ५ सेंमी रुंदीच्या कामटीला मधोमध ६–७ मिमी बाक असतो. गुळगुळीत पाठ वर आणि बाहेर ठेवा: पाणी निथळते आणि कोवळी आतली बाजू पावसापासून वाचते. बांबू तीन-चार वर्षांचा घ्या. कोवळ्यात पिठूळपणा जास्त, तो वाळताना सुरकुततो आणि भुंगेरे आधी तोच धरतात.

प्रक्रिया: १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड. आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवा, नाहीतर तळाशी खडे बसतात. कामट्या पाडून, भोके पाडून, मापात कापून मगच बुडवा, कारण प्रक्रियेनंतर कापलेले प्रत्येक टोक पुन्हा उघडे पडते. तीन-चार दिवस पूर्ण बुडवून ठेवा, वर दगड ठेवा. मग सावलीत दोन आठवडे, खाली-वर हवा लागेल अशा रचून. उन्हात घाईने वाळवल्या की टोके चिरतात. हातमोजे घाला आणि उरलेले पाणी झाडांच्या मुळाशी ओतू नका, बोरॉन जास्त झाला की झाडे जळतात.

आता खरी मर्यादा: बोरॉन पाण्यात विरघळतो, म्हणजे पावसानेही धुऊन जातो. म्हणून हा पडदा वळचणीच्या आत टांगा. तुमचा ६० सेंमीचा सज्जा उन्हासाठी निरुपयोगी असला तरी पडद्यावरचे छत्र म्हणून करा. खालचे टोक जमिनीपासून ४५ सेंमी वर; पागोळ्यांच्या शिंतोड्यांनी चौकट नेहमी तळापासूनच कुजते.

जोड: खिळा मारू नका, बांबू रेषेत फाटतो. आधी भोक पाडून मग स्क्रू, किंवा दोन भोकांतून काथ्याची दोरी. ओल्या बांबूवर बांधलेली दोरी बांबू वाळला की सैल होते, म्हणून आधी वाळवण, मग बांधणी. प्रत्येक ६० सेंमीला उभा आधार द्या, त्याहून लांब कामटी स्वतःच्या वजनाने झोल खाते आणि ३.५ चे अंतर मध्येच ५ होते.

भिंतीपासून १५ ते ३० सेंमी सुटा ठेवा आणि वरखाली मोकळा. तापलेला पडदा मागची हवा तापवतो, ती वर निघून गेली पाहिजे. भिंतीला चिकटवला तर ती उष्णता भिंतीतच जाते.

कवडसा

उजेडाबद्दल कोणी बोलले नाही. एवढे सगळे केल्यावर मागचा भाग आणखी अंधारा होईल.

ढोबळ नियम: खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामाचा उजेड पोचतो. २.१ मीटर माथा म्हणजे ४.२ ते ५.२ मीटर. कागदावर ४.८ ची खोली बसते. पण ४५ अंशांच्या कामट्यांमागच्या खिडकीला आकाश दिसतच नाही, दिसते ती जमीन. जाळीचेही तेच: खोल भोकातून आकाशाचा फार अरुंद तुकडा दिसतो, म्हणून ३१ टक्के मोकळी जाळी ३१ टक्के उजेड देईल असे धरू नका. हवेची वाट आणि उजेडाची वाट वेगळी ठेवा.

उजेड वरून घ्या. पूर्वेच्या पाख्यावर, खोलीच्या मागच्या तिसऱ्या भागात एक काचेचे कौल. उघडा भाग ०.०८ चौरस मीटर धरला तर थेट उन्हात त्यातून सहा हजारांहून जास्त लुमेन येतात, म्हणजे ९ वॉटच्या सात-आठ दिव्यांइतके. सोबत उष्णता ६० ते ७० वॉट, फार नाही. चार कौले लावलीत की पाव किलोवॉटची शेगडी झाली. एक पुरे, फार तर दोन, तीही दूर दूर.

त्याखाली थेट कवडसा पडू देऊ नका, डोळा त्या झगझगीत ठिपक्याशी जुळवून घेतो आणि बाकीची खोली काळी दिसते. कौलाखाली ३० सेंमीवर पातळ पांढरे सुती कापड ताणून बसवा, धुता येईल असे. कौलाच्या वरच्या कडेशी पाणी शिरते, तिथे वरचे कौल नेहमीपेक्षा २–३ सेंमी जास्त चढवा.

आणि भिंती पांढऱ्या करा. खोलीतल्या सगळ्या पृष्ठभागांची सरासरी परावर्तकता (पडलेल्या उजेडापैकी परत फिरणारा वाटा) ०.३ असेल तर आत खेळून मिळणारा उजेड थेट आलेल्या उजेडाच्या ०.४३ पट, ०.५ असेल तर १ पट. म्हणजे फक्त चुन्याच्या हाताने दुपटीहून जास्त. मातीचा गिलावा ०.३ च्या आसपास, ताजा चुना ०.८ पर्यंत.

मातीहात

चुना मातीवर टिकायचा तर गिलावा नीट हवा. एक भाग चिकणमाती, दोन ते तीन भाग वाळू, २–३ सेंमी कापलेले वाळके गवत. प्रमाण मातीवर ठरते, म्हणून भिंतीवर ३० × ३० सेंमीचे तीन चौकोन वेगवेगळ्या प्रमाणाने लावून आठवडाभर वाळू द्या. १ मिमीहून रुंद भेग पडली तर वाळू वाढवा. बोटाने घासल्यावर भुगा येत असेल तर माती वाढवा.

चुना भिजवून पाण्याखाली मुरलेला घ्या, कापडातून गाळा आणि दुधाइतका पातळ करा. दाट लावायचा मोह आवरा. दाट हात एका दिवसात पांढरा दिसतो आणि महिन्याभरात पापुद्रे सुटतात. पातळ हात ओला असताना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पांढरा होत जातो. चार-पाच हात, दोन हातांत निदान एक दिवस. प्रत्येक हाताआधी भिंतीवर पाण्याचा हलका फवारा. मातीला पाणी ओतले तर ती फुगून गिलावाच ढिला होतो. कोरडी ठेवली तर ती चुन्यातले पाणी शोषते आणि चुना पीठ होऊन हाताला लागतो. पहिल्या हातात थोडी बारीक वाळू घातली की पुढच्या हातांना पकड मिळते. डोळ्यांवर चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

खिडकीच्या ४५ सेंमी जाड बाजू आतल्या अंगाला ३०–४० अंश फाकवा आणि त्याही चुन्याने रंगवा. उजेड आत पसरतो आणि खिडकी-भिंतीतला डोळ्याला खुपणारा फरक कमी होतो.

अंगणवेल

दोन शंका. जाळीची भोके बाहेर रुंद आणि आत अरुंद केली तर हवा दाबून गार होते असे सगळीकडे वाचायला मिळते. आणि पूर्वेच्या जाळीवर वाळ्याचा पडदा लावावा का?

मंदवारा

पहिले पूर्ण चूक. सेकंदाला ५ मीटर वेगाने जाणाऱ्या हवेची सगळी गतिज ऊर्जा तापमानात मोजली तरी ०.०१ अंश होते. अरुंद तोंडाशी झोत जोरात लागतो, त्वचेवरचा घाम लवकर सुकतो आणि गार वाटते, तापमापी मात्र जागची हलत नाही. एकूण हवा उलट कमी येते. झोपण्याच्या जागेवर झोत हवा असेल तर आत येण्याची वाट बाहेर जाण्याच्या वाटेपेक्षा लहान ठेवणे ठीक आहे, पण त्याला गारवा म्हणू नका.

वाळ्याचे उत्तर हवेतल्या ओलाव्यावर आहे. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडाच्या तापमापीवर २२–२३ अंश दिसतात. पडदा त्या फरकाच्या ६० टक्के उतरवू शकला तर आत येणारी हवा तिशीच्या आत-बाहेर. ३२ अंश आणि ७५ टक्क्यांना तोच पडदा जेमतेम २ अंश देतो आणि अंथरूण दमट करतो. एक लिटर पाणी सुकले की २०० घनमीटर हवा १० अंशांनी उतरते. ताशी ६०० घनमीटरला तीन लिटर लागतील, म्हणजे पाणी वरून सतत ठिबकत हवे. तासाला एकदा शिंपडून भागत नाही. शिवाय ०.४ पास्कलच्या दाबाने हवा ओल्या वाळ्यातून फारशी जात नाही. मागे वारा किंवा पंखा हवा. म्हणून कोरड्या उन्हाळ्यापुरता, गुंडाळून ठेवता येईल असा, आणि जाळीच्या अर्ध्या भागावरच. पाऊस सुरू झाला की काढून उन्हात वाळवून ठेवा, नाहीतर बुरशीचा वास खोलीत बसतो.

वेळूबन

कौलांखाली तक्तपोशी नाही म्हणालात, ते राहून गेले. तापलेली कौले डोक्यावर थेट उष्णता टाकतात आणि ती हवाबदलाने जात नाही. वाशांखाली बांबूची विणलेली तट्टी, कौलांपासून निदान १० सेंमी खाली, वळचणीशी आणि आढ्याशी मोकळी. वळचणीच्या तोंडाला ६ मिमीची लोखंडी जाळी, नाहीतर उंदीर घर करतात. तट्टीच्या खालच्या बाजूला चुना लावायचा तर बांबूची गुळगुळीत पाठ वर आणि खरबरीत बाजू खाली येईल अशी विणून घ्या. पाठीवर चुना धरत नाही.

मंदवारा

आणि तट्टी आढ्यापाशी ३० सेंमी आधी थांबवा, दोन्हीकडे. ती आढ्याला भिडवली तर खोलीतली हवा फटीपर्यंत पोचणारच नाही आणि वरचा सगळा हिशेब फुकट जाईल.

कवडसा

काचेच्या कौलाखालीही तट्टीत चौकोन सोडावा लागेल, कौलापेक्षा सगळीकडून १५ सेंमी मोठा, कडा तिरक्या आणि चुन्याच्या. तो आधी आखा, मग तट्टी विणायला द्या. विणलेली तट्टी नंतर कापली की कडेपासून उसवत जाते.

अंगणवेल

क्रम असा धरते: आधी आढ्याची फट आणि टोपण, मग कौल, मग चौकोन सोडून तट्टी, मग पूर्वेची ११ सेंमीची जाळी, गिलावा, चुना, शेवटी पश्चिमेचा पडदा.

वेळूबन

पडदा शेवटी बसवा, पण कामट्या आज बुडवायला घ्या. बुडवण आणि वाळवण धरून अडीच आठवडे जातात, तेवढ्यात वरचे काम होईल.

मातीहात

आणि जाळीच्या भोकांच्या आतल्या बाजूंना चुना जाळी बांधतानाच, दर तीन थरांनी लावत चला. नंतर ११ सेंमी आत कुंचला फिरत नाही.